पट्टा बांधायला आम्हाला उशीर झाला

माझा मुलगा जन्माला आला तो दोन्ही कानांना भोकं नसलेला. उजवीकडे कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी मऊ गाठ, डावा कान लहान आणि दुमडलेला. डॉक्टरी भाषेत मायक्रोशिया आणि अट्रेशिया. आम्ही घाबरून दवाखान्यात गेलो, तेव्हा सांगण्यात आलं, "पाच-सहा वर्षांचा होऊ द्या, मग ऑपरेशनचं बघू."

या बोलण्यात खोटं काही नव्हतं. बाहेरचा कान बरगडीच्या कूर्चेतून घडवतात. त्यासाठी छाती पुरेशी वाढावी लागते, म्हणजे साधारण 8 ते 10 वर्षांचं वय. कानाची बंद नळी उघडण्याचा विचारही पाच-सहा वर्षांच्या आधी सहसा होत नाही. पण ऑपरेशनसाठी सांगितलेलं वय आम्ही ऐकण्याचंही वय धरून बसलो. मधल्या वर्षांत काय करायचं, हे ना कोणी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

शिवाय पोरगा ऐकतो, अशी आमची खात्रीच होती. आम्ही भाईंदरजवळच्या डोंगरीत राहतो. चर्चची घंटा झाली की तो मान वळवायचा. उत्तनकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न वाजला की दाराकडे धावायचा. सासूबाई म्हणायच्या, "ऐकू येतंय गं त्याला, जरा उशिरा बोलेल एवढंच." आता कळतं की कानाची नळी बंद असली की साधारण 60 डेसिबलपर्यंत ऐकणं कमी होतं. घंटा, हॉर्न, फटाके त्या पलीकडचे. आपलं रोजचं बोलणं मात्र 60च्याच आसपास असतं. मुलाला ते धड पोचत नव्हतं, आणि आम्ही घंटेवर विसंबून होतो.

तो पावणेतीन वर्षांचा असताना अंगणवाडीतल्या ताईंनी मला बाजूला घेतलं. "तो माझ्या तोंडाकडे बघतो तेव्हाच ऐकतो. पाठमोरी हाक मारा, बघा." मी घरी येऊन पाठमोरी हाक मारली. तो मातीत खेळत राहिला.

मग मोरवा, राई, मुर्धा करत बसने भाईंदर स्टेशन, तिथून लोकलने वांद्रे आणि पुढे रेक्लमेशन. तिथे 1983 पासून वाणी आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या ऑडिऑलॉजिस्टबाईंनी मला जे करायला लावलं ते तुम्हीही करा. दोन्ही कानांत बोटं घट्ट घालून भाजलेले चणे चावा. कान बंद असूनही आवाज डोक्यात घुमतो, कारण तो हाडातून आतल्या कानापर्यंत जातो. माझ्या मुलाचा आतला कान चांगला होता. अडचण होती ती बंद दरवाजाची. हाडावरचं मशीन आवाज हाडातूनच नेतं आणि त्या दरवाजाला वळसा घालून जातं. लहान मुलाला ते ऑपरेशनशिवाय, इलॅस्टिकच्या मऊ पट्ट्यावर बसवून डोक्याला बांधता येतं, अगदी तान्ह्या बाळालासुद्धा. हाडात स्क्रू बसवायचं इम्प्लांट वेगळं. अमेरिकेत त्याला 5 वर्षांखाली परवानगी नाही, कारण कवटीचं हाड तोवर पातळ असतं. पट्टा आहे तो त्या मधल्या वर्षांसाठीच.

म्हणून ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना पहिलं सांगणं तपासणीचं. जन्मानंतरची ओएई तपासणी नळीतून होते, त्यामुळे बंद कानात तिचा उपयोग नाही. त्याऐवजी बेरा ही तपासणी करून घ्या, आणि ती हवेतून तशीच हाडातूनही करा, असं स्पष्ट सांगा. आमच्या पहिल्या रिपोर्टात फक्त हवेतला आकडा होता. तो बघून आम्ही हातपाय गाळले होते. आतला कान शाबूत आहे की नाही, हे हाडातल्या बेरावरूनच कळतं. एका महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन, असा जगभर मानला जाणारा हिशोब आहे. आम्ही त्यात दोन वर्षांहून जास्त मागे पडलो.

पट्टा मिळाल्यावरही आम्ही चुकलो. मशीन कानामागच्या टणक हाडावर टेकायला हवं, मानेच्या मऊ मांसावर नव्हे. पट्ट्याखाली एक बोट जाईल इतका घट्ट. मुलाला काचेल म्हणून मी सैल बांधायची आणि मग "फरक पडत नाही" म्हणून रडायची. त्वचेवर लाली आली आणि अर्ध्या तासात गेली तर काळजी नको. राहिली तर जागा बदला, दाखवून घ्या. उशीला किंवा टोपीला टेकलं की मशीन शिट्टी मारतं, म्हणजे ते बिघडलेलं नसतं. शर्टाला दोरीची क्लिप लावा. सेल मुलाला उघडता येणार नाही असं झाकण मागून घ्या. सेल गिळलाच तर उलटी न करवता थेट हॉस्पिटल गाठा. पावसाळ्यात आमच्याकडे खारी, दमट हवा असते. रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवते.

चिकटवायचं मशीनही निघालंय, पट्ट्याशिवाय. कानामागे एक चिकट चकती, तिच्यावर मशीन. आतला कान उत्तम असेल तरच ते चालतं. आम्ही वापरून पाहिलं. चकती काही दिवस टिकायला हवी, आमची दुसऱ्या दिवशी गळून पडायची. कारण सापडायला आठवडा लागला. सासूबाई रोज सकाळी त्याच्या डोक्याला खोबरेल चोळायच्या. त्यांना समजावणं मशीन मिळवण्याहून कठीण गेलं. शेवटी कानामागची चार बोटं जागा कोरडी सोडायची, असं ठरलं.

पैशांचं म्हणाल तर पट्ट्यावरची चांगली डिजिटल मशीनं लाखांच्या घरात जातात. खिशातल्या डबीची, हेडबँडवाली जुनी पद्धत काही हजारांत मिळते. आवाज तेवढा स्वच्छ नाही, तरी वाट बघण्यापेक्षा हजारपटीने बरी. विकत घेण्याआधी आठ दिवस वापरून बघायला मागा. दोन्ही कानांत 60 डेसिबल किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळू शकतं, यूडीआयडी कार्ड काढता येतं, आणि केंद्राच्या एडिप योजनेचा अर्ज करता येतो. एकच कान बंद असेल तर या कायद्यात बसत नाही. तरीही "एक कान चांगला आहे ना" म्हणून गप्प राहू नका. अशा मुलाला गोंगाटात बोलणं नीट कळत नाही, हाक कुठून आली ते कळत नाही. त्याच्यासाठीही पट्ट्याची ट्रायल मागा, वर्गात चांगला कान बाईंकडे येईल असं बसवा.

माझा मुलगा आज बोलतो, भांडतो, पाढे म्हणतो. पण मराठीत शब्दाच्या शेवटी जे बारीक आवाज असतात, ला, ने, त, शी, ते त्याच्या कानी फार उशिरा पडले. अजून तो "मी शाळा जातो" म्हणतो. रोज संध्याकाळी मी भाजी निवडताना त्याला समोर बसवते. "भाजी कशात ठेवली?" "टोपली." "टोपली...?" तो माझ्याकडे न बघता, पट्टा नीट करत, थोडा थांबतो. "टोपलीत."