वऱ्हाडचे हवामान आणि ट्रॅक्टरचे इंजिन ऑईल

काकवी थंडीत भांड्याला चिकटून बसते आणि उन्हात ठेवली की तिची धार लागते. इंजिन ऑईलचेही तसेच आहे. या दाटपणाला श्यानता म्हणतात. एसएई १५डब्ल्यू-४० ऑईलची श्यानता ४० अंश सेल्सिअसला साधारण १०५ ते ११० सेंटिस्टोक्स असते. १०० अंशांना ती १४ च्या आसपास उरते. यातील डब्ल्यू हिवाळ्याचा, तर ४० हा आकडा गरम इंजिनातील दाटपणाचा.

अकोला-अमरावतीकडे जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. दाट ऑईल वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लागतो. आपल्याकडे मात्र ट्रॅक्टर सुरू होताच रेस करण्याची सवय. इंजिनाची बरीच झीज याच घाईत होते. ऑईल प्रेशरचा काटा वर येऊ द्या, दोन-तीन मिनिटे इंजिन कमी गतीवर चालवा, मगच जोत लावा.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात नांगरटीचे भारी काम. रेडिएटर स्वच्छ असेल तर इंजिन हे सोसते. पण जाळीत कुटार अडकले किंवा पंख्याचा पट्टा सैल पडला, की ऑईल प्रमाणाबाहेर पातळ होते, बेअरिंगमधील तेलाचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. यावर उपाय म्हणून मनाने जास्त दाट ऑईल घालू नये. पुस्तिकेत दिलेलाच क्रमांक वापरावा.

गरम ऑईल बोटाला पातळ लागले म्हणजे ते खराब झाले असे नव्हे. मात्र इंजिन थंड असतानाही पातळ लागले व डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर न चालवता मिस्त्रीला दाखवावा.