अँटिव्हायरसने चांगली फाइल पकडली तर?

प्रश्न : लेण्यांच्या पायथ्याशी आमचं होमस्टे आहे. भाच्याने बनवलेला बिलांचा प्रोग्राम अँटिव्हायरस उडवतो. अँटिव्हायरस बंद ठेवू का?
– एक वाचक, भाजे (ता. मावळ)

उत्तर : मुळीच नको. डिजिटल सही नसलेली, फारशी कुणाकडे नसलेली फाइल निव्वळ संशयावरूनही पकडली जाते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी अँटिव्हायरसच्या अपडेटने तर विंडोज एक्सपीचीच एक मूळ फाइल व्हायरस ठरवली. जगभर संगणक अडकले. भाच्याकडून मूळ प्रत मागवा, ती व्हायरसटोटल या, अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर तपासा. त्यातल्या एकदोघांनीच आक्षेप घेतला तर बहुधा चूक. बहुतेकांनी घेतला तर भाच्याचा संगणक आधी तपासा. चूक वाटली तर अँटिव्हायरस कंपनीला नमुना पाठवा. सूट द्यायचीच तर त्या एकाच फाइलला, अख्ख्या ड्राइव्हला नाही. आणि पाहुण्यांची आधार कार्डं व्हायरसटोटलवर चढवू नका. चढवलेल्या फाइल इतरांपर्यंत पोहोचतात.