सहलीच्या जागेचे मोल कसे अजमावावे?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जमिनीचा भाव कोणीही सांगू शकतो. परंतु त्याच पट्ट्यातील डोंगर, तळे वा आमराई येथे विसाव्यासाठी येणाऱ्या माणसाला त्या जागेचे मोल किती वाटते, याची नोंद सहसा कोणत्याच दप्तरात आढळत नाही. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक भरली. सुटीच्या दिवशी यांपैकी पुष्कळ लोक घोरवडेश्वर, भंडारा डोंगर अशा ठिकाणी जातात. २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्याने शेतावर पाहुण्यांची सोय करण्यासही रीतसर मार्ग मिळाला आहे. अशा वेळी शेतकऱ्यापुढे अथवा ग्रामपंचायतीपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो प्रवेशशुल्काचा. तो अंदाजपंचे न सोडविता हिशेबाने सोडविता येतो.

प्रवासखर्चावरून अदमास

जागा फुकट असली तरी पाहुणा तेथे फुकट पोहोचत नाही. पेट्रोल, बसभाडे व वेळ त्याला खर्चावा लागतो. जवळचे लोक वारंवार येतात, दूरचे क्वचित येतात. या फरकातच जागेचे मोल दडलेले असते. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्र लिहून ही युक्ती सुचविली. पुढे १९५९ मध्ये मॅरिअन क्लॉसन यांनी ती पद्धतशीर मांडली.

रीत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शुल्करहित जागेवर तीन टापूंतून लोक येतात.

टापू अ : लोकसंख्या १०,०००, येण्याजाण्याचा खर्च ५० रुपये, वर्षाला भेटी ३००, म्हणजे हजारी ३०.
टापू ब : लोकसंख्या २०,०००, खर्च १०० रुपये, भेटी ४००, म्हणजे हजारी २०.
टापू क : लोकसंख्या ३०,०००; खर्च १५० रुपये; भेटी ३००, म्हणजे हजारी १०.

खर्च ५० रुपयांनी वाढला की भेटी हजारी १० ने घटतात, असे यावरून दिसते. प्रवेशशुल्क हाही पाहुण्याच्या दृष्टीने वाढीव खर्चच होय. म्हणून २५ रुपये शुल्क ठेवल्यास भेटी अनुक्रमे २५०, ३०० व १५०, एकूण ७०० होतील व १७,५०० रुपये जमतील. ५० रुपये ठेवल्यास अ व ब टापूंतून प्रत्येकी २०० भेटी होतील, क टापूतून कोणी येणार नाही, आणि ४०० भेटींचे २०,००० रुपये जमतील. शुल्क दुप्पट करून उत्पन्न अवघे २,५०० रुपयांनी वाढले. परंतु ३०० पाहुणे गमावले. हेच पाहुणे पिठलं-भाकरी, पेरू व ताजी भाजी घेणारे असतात, हे ध्यानात ठेवावे.

आता जागेचे एकूण मोल पाहू. हजारी भेटी २०० रुपये खर्चाला शून्यावर येतात. म्हणजे शुल्क नसताना क टापूतील पाहुणा शून्य ते ५० रुपये, सरासरी २५ रुपये अधिक सोसण्यास तयार असतो. ब टापूतील सरासरी ५० व अ टापूतील सरासरी ७५ रुपये. भेटींच्या संख्येने गुणल्यास ७,५००, २०,००० व २२,५००, अशी बेरीज ५०,००० रुपये होते. फाटकावर एक पैसाही जमत नसताना त्या जागेपासून लोकांना वर्षाला इतका लाभ होत असतो. फुकट म्हणजे बिनमोल नव्हे.

प्रत्यक्ष विचारून अदमास

दुसरी रीत थेट विचारण्याची आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबाबत मुंबईकरांना असे विचारण्यात आले होते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, उद्यान राखण्यासाठी दर कुटुंब दरमहा सरासरी साडेसात रुपये देण्यास तयार होते. रक्कम लहान दिसते. पण शहरातील सर्व कुटुंबांची मिळून ती फार मोठी होते.

“किती द्याल?” असा मोघम प्रश्न विचारू नये. “२० रुपये शुल्क असते तर आपण आला असता का?” असे विचारावे, व निरनिराळ्या पाहुण्यांपुढे निरनिराळी रक्कम ठेवावी. विचारणारा जागेचा मालक नसावा. भिडेखातर दिलेले उत्तर हिशेबाच्या उपयोगी पडत नाही.

मोजणीतील दक्षता

या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. केवळ रविवारी मोजणी केल्यास कामगार कुटुंबे हिशेबातून सुटतात. पावसाळा व उन्हाळा यांची मोजणी निराळी करावी. देहू-आळंदीला जाताना वाटेत थांबलेल्या माणसाचा सगळा प्रवासखर्च एकाच जागेच्या नावे मांडू नये. पाहुणा कोठून आला, कशाने आला, किती जण आले, किती खर्च झाला व आणखी कोठे जाणार, एवढ्या पाच गोष्टी वहीत टिपल्या तरी काम भागते.

या हिशेबाच्या मर्यादाही ओळखाव्यात. ज्याच्याजवळ पैसा कमी, त्याची ओढ आकड्यात कमी दिसते. गावकऱ्यांची गुरेचराई व डोंगरावरून विहिरींना मिळणारे पाणी यात येत नाही. भंडारा डोंगरासारख्या ठिकाणी संत तुकाराम महाराजांच्या स्मरणाने येणाऱ्या भाविकांची श्रद्धा तर रुपयांत मांडण्याची वस्तूच नव्हे. म्हणून गावकऱ्यांकडून व भाविकांकडून शुल्क न घेणे उचित ठरेल.

डोंगराची खडी करण्याचा किंवा आमराई विकण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा खरेदीदाराचा आकडा तयार असतो. जागा राखू म्हणणाऱ्याजवळ मात्र नुसते शब्द असतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक वर्षभर अशी वही ठेवून तिचा गोषवारा ग्रामसभेपुढे मांडावा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून गावाला निर्णय करता येईल.