दाखल्यासाठी ‘उद्या या’ किती दिवस ऐकायचे?

प्रश्न : नगरपरिषदेत मालमत्ता कराची थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला आहे. दर वेळी ‘उद्या या’ म्हणतात. नगरसेवकांना भेटू का?

उत्तर : जरूर भेटा, पण त्याआधी हातात पोचपावती आहे ना, ते पाहा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरलेली असते. पोचपावतीवर अर्ज क्रमांक, तारीख आणि ती मुदत नोंदवणे बंधनकारक आहे. आपली सेवा यादीत आहे का, तिचे शुल्क किती आणि पदनिर्देशित अधिकारी कोण, हे कार्यालयाच्या सूचना फलकावर असायलाच हवे. ओळखीने झालेले काम एकाचेच होते. मुदतीचा आग्रह धरला, तर मागच्या रांगेतल्यालाही वाट मोकळी होते. म्हणून माझा भर वशिल्यापेक्षा कागदावर आहे.

मुदतीत दाखला मिळाला नाही, तर अपील करता येते. ‘अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, मग न्याय कसला?’ ही शंका रास्त आहे. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या अपिलानंतर तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाते, आणि पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण दिरंगाई कोणाची, हे नावानिशी नोंदले जाते. मुदत उलटल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील करा. अर्ज नाकारला असेल, तर कारण लेखी मागा. तो आपला हक्कच आहे.