उत्तराचा साचा डेटावर सोडू नका

तारकर्ली-देवबागला घरगुती निवास चालवणाऱ्यांसाठी मी मोबाइल अ‍ॅप बनवतो. रिकाम्या खोल्यांची माहिती दुसऱ्या एका पुरवठादाराच्या एपीआयकडून जेसनमध्ये येते. ऐन मे महिन्यात एका काकींचा फोन आला, “बाबू, एक नंबराची खोली दिली काय सगळीच यादी गायब जाता रे!”

काकींचं निरीक्षण अचूक होतं. पलीकडचा प्रोग्रॅम पीएचपीत होता. भरलेल्या खोल्या ‘अ‍ॅरे_फिल्टर’ने गाळल्या जात, पण हे फंक्शन उरलेल्या नोंदींचे जुने क्रमांक तसेच ठेवतं. शेवटची खोली गेली तर ०, १, २ हा क्रम अखंड राहतो आणि चौकोनी कंसातली यादी मिळते. पहिली गेली की क्रम १ पासून सुरू होतो आणि ‘जेसन_एन्कोड’ त्याच नोंदी महिरपी कंसात, ऑब्जेक्ट म्हणून पाठवतं. यादी शोधणाऱ्या अ‍ॅपच्या हाती काहीच लागत नाही. उपाय एका ओळीचा होता: गाळून झाल्यावर ‘अ‍ॅरे_व्हॅल्यूज’ लावणं. पण तोवर खोल्या रिकाम्या असून पाहुणे दुसरीकडे गेले होते.

म्हणून एपीआय लिहिणाऱ्यांना कळकळीने सांगतो: डेटा रोज बदलेल, उत्तराचा साचा बदलता कामा नये.

टेबल जसंच्या तसं पाठवू नका. लाराव्हेलमध्ये रिसोर्स, जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये सीरियलायझर असतो. त्यात हवी तीच फील्ड नावानिशी लिहा. नाहीतर उद्या टेबलात वाढवलेला पाहुण्याचा फोन नंबर नकळत बाहेर जाईल. यादी रिकामी असेल तर रिकामी यादीच द्या, ‘नल’ नको.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. ०५/०६ म्हणजे ६ मे की ५ जून? तारकर्लीत ६ मे हा भर हंगाम. ५ जूनला स्कूबा आणि बाकी जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद झालेल्या असतात. मुक्कामाच्या तारखेला वेळ जोडू नका. भारतातली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची संध्याकाळ, १८:३० होते आणि बुकिंग एक दिवस मागे सरकतं.

चूक झाली तर २०० स्टेटसखाली ती झाकू नका. २०२३ च्या आरएफसी ९४५७ मध्ये चूक कळवणाऱ्या उत्तराचा साचा ठरवून दिला आहे, तो वापरा. नवं फील्ड वाढवायला सहसा हरकत नसते. मात्र जुन्याचं नाव किंवा प्रकार बदलायचा असेल तर नवी आवृत्ती काढा आणि जुनी काही काळ चालू ठेवा.

आणि हंगामाआधी इतकं तपासाच: पहिली खोली भरलेली, शेवटची भरलेली, एकच रिकामी, सगळ्या भरलेल्या. चारही वेळा साचा तोच आला, तरच एपीआय लोकांच्या हाती द्या. त्यावर कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न अवलंबून असतं.