झिंगा हातात आला? आधी करवत बघा!

मंडळी, आपल्या वेदगंगा-दूधगंगेचं पाणी कृष्णेला मिळतं. कृष्णेच्या खोऱ्यातला मूळचा तो नदीचा झिंगा. तळ्यात बीज आणून सोडतात तो स्कॅम्पी. दोघं भाऊभाऊच, पण स्कॅम्पी वजनाला जास्त भरतो. पैसे एकाचे आणि बीज दुसऱ्याचं, असं व्हायला नको.

निळ्या नांगीवर जाऊ नका. स्कॅम्पीच्याच नराची नांगी आधी नारिंगी असते, मग निळी होते.

झिंगा बोटाएवढा झाला की डोक्यावरची करवत बघा:
🦐 स्कॅम्पी : लांब, टोक वर वळलेलं, खालच्या बाजूला साधारण ८ ते १४ दात.
🦐 नदीचा झिंगा : आखूड, खाली साधारण ५ ते ७ दात.

टोक मोडलेलं असेल तर दुसरा घ्या. पाच-सहा झिंगे मोजा, मगच भाव ठरवा.