अवकाशांत टिकणारे सूक्ष्म जंतु

मृगाचा पाऊस लांबला म्हणजे सांगोल्याच्या माळावर हिरवी काडी दिसत नाहीं. परंतु दोन सरी पडतांच त्याच जमिनींतून गवताचे कोंब वर येतात. बीज मेलेलें नसतें, निजलेलें असतें. मातींतील 'बॅसिलस' नांवाचे सूक्ष्म जंतुहि असेंच करितात. प्रतिकूल काळ आला कीं ते स्वतःभोवतीं जाड कवच निर्माण करून बीजाणुरूपानें पडून राहतात. अशा जीवांना पृथ्वीबाहेरील पोकळीहि सोसवेल काय?

त्या पोकळींत हवा नाहीं, पाणी नाहीं. परंतु जंतूंचा मोठा वैरी म्हणजे सूर्याचे अतिनील किरण. पृथ्वीवर ओझोनचा थर त्यांतील घातक भाग अडवितो. अमेरिकेनें १९८४ सालीं अवकाशांत ठेविलेले बॅसिलसचे बीजाणु १९९० सालीं परत आणिले, तेव्हां किरणांपासून आडोसा मिळालेल्यांपैकीं पुष्कळ जिवंत निघाले. जपानी शास्त्रज्ञांनीं २०१५ ते २०१८ या काळांत 'डायनोकॉकस' जंतूंचे वाळविलेले थर अवकाश स्थानकाबाहेर ठेविले. वरचे जंतु मेले. त्यांच्या मृत देहांच्या छायेंत आंतील वांचले.

या शोधाशीं महाराष्ट्राचाहि संबंध आहे. कोल्हापूर येथें जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या नेतृत्वाखालीं २० एप्रिल २००५ रोजीं हैदराबादेहून एक प्रचंड फुगा सोडण्यांत आला. त्यानें निर्जंतुक पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा गोळा केली. हैदराबाद व पुणें येथील प्रयोगशाळांनीं ती स्वतंत्रपणें तपासली. तींत जंतूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. एकीस नारळीकरांचे गुरु फ्रेड हॉइल यांचें, दुसरीस आर्यभटाचें व तिसरीस इस्रोचें नांव देण्यांत आलें. आपल्या निकटच्या जातींपेक्षां त्या अतिनील किरण अधिक सोसतात.

मग हे जंतु अवकाशांतून आले काय? तसें सिद्ध झालें नाहीं, असें शोधकांनींच २००९ सालीं सांगितलें. पुढें आर्यभटाच्या नांवाचा जंतु जमिनींतहि सांपडला.

यास्तव दोन प्रश्न वेगळे राखावे. जंतु अवकाशांत टिकतो काय? आडोसा मिळाल्यास कांहीं वर्षें टिकतो, हें प्रयोगानें ठरलें आहे. तो तेथून पृथ्वीवर आला काय? त्यास पुरावा नाहीं. पहिल्याचें उत्तर दुसऱ्यापुढें लिहून टाकण्याचा मोह विद्यार्थ्यानें आवरावा.